सुटी भिंत

खोलीत काहीतरी चुकलं होतं आणि ते नेमकं काय, हे कलादिग्दर्शकाला सापडत नव्हतं. सकाळी नऊपासून तो आत-बाहेर करत होता. दारातून बघून झालं, खिडकीतून बघून झालं, गुडघ्यांवर बसून झालं. एकदा तर तो डोळे मिटून आत शिरला आणि मध्यभागी जाऊन एकदम उघडले, जणू खोली बेसावध सापडेल.

"साहेब, बसा हो जरा," शिडीवरून रंगारी म्हणाला. "तुमच्याकडे बघून मला भोवळ येते. पडलो तर तुमच्याच अंगावर येईन."

"तू तुझं काम कर."

"माझं काम कालच संपलंय. तुम्ही खाली फिरताय म्हणून मी वर चढून बसलोय."

खोली बारा फूट बाय दहा फुटांची, प्लायवूडची, गोदामासारख्या एका मोठ्या स्टुडिओच्या मधोमध उभी केलेली. वर छप्पर नाही, दिव्यांचे सांगाडे. बाहेरून बघितलं तर नुसत्या लाकडी पट्ट्या आणि खिळे. दारातून आत पाऊल टाकलं की मात्र एका आजारी म्हाताऱ्याची खोली. चित्रपटाची गोष्ट साधी होती. बाप अंथरुणाला खिळलेला, मुलगी तीन वर्षं त्याचं करते. जवळजवळ सगळा चित्रपट या एका खोलीत घडायचा होता आणि चित्रीकरण उद्या सकाळी सुरू व्हायचं होतं.

नव्या भिंतीला, नव्या लाकडाला जुनं करायचं, म्हणजे चहाचं पाणी, तेल, काजळी आणि घासकागद घेऊन दिवसेंदिवस मागे लागायचं, याला ही मंडळी 'वापर लावणं' म्हणत. रंगारी त्यात पटाईत होता. पण कलादिग्दर्शकाचा एक हट्ट होता. एकही डाग उगाच लागता कामा नये. त्यामुळे ब्रश उचलला की रंगारी आधी विचारायचा, "कुणाचा?" दिव्याच्या बटणाखालचा काळपट डाग मुलीचा, उजव्या हाताच्या बोटांचा. दाराच्या कडेची झीज म्हाताऱ्याची, तो चालता-फिरता होता तेव्हाची. भिंतीच्या वरच्या कडेची ओल मात्र कुणाची नाही, वरच्या मजल्याची. असं सगळं ठरवून, वहीत लिहून झालेलं होतं. तरीही खोली खोटी वाटत होती.

अकरा वाजता दिग्दर्शिका आली. ती त्याच्या निम्म्या वयाची होती आणि त्याला 'काका' म्हणायची. तिने हाक मारली की तो नकळत पोट आत ओढून घ्यायचा. तिने खोलीभर नजर फिरवली, उशी दाबून बघितली, औषधांच्या बाटल्या बघितल्या.

"काका, सगळं बरोबर आहे," ती म्हणाली.

या वाक्यानंतर 'पण' येतो हे त्याला सव्वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"पण इथे एक म्हातारा आजारी आहे एवढंच पटतं. त्याचं कुणी करत होतं, हे पटत नाही."

"म्हणजे नक्की काय हवंय?"

"तेच मला सांगता येत नाहीये. तुम्हालाच सापडेल." तिने घड्याळ बघितलं. "मी पाच वाजता परत येते. नाहीच जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, मी एक खरं घर बघून ठेवलंय. उद्यापासून तिथे सुरू करू."

ती गेली. रंगारी शिडीवरून न बोलता खाली उतरला, यावरूनच प्रसंग किती बाका आहे ते कळत होतं.

सव्वीस वर्षांत त्याचा एकही सेट न वापरता मोडला गेला नव्हता. पण तेवढ्यापुरतं असतं तर त्याने मनाची समजूत घातली असती. ही खोली त्याच्या वडिलांची होती. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. पटकथा वाचली त्याच रात्री त्याने आराखडा काढला होता, एका बैठकीत, काही खोडावं न लागता. दाराच्या उजवीकडे भिंतीला लागून पलंग, पायथ्याशी खुर्ची, टेबलावर औषधं, खिडकीला निळा पडदा. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली होती. त्याआधी अडीच वर्षं ते अंथरुणात होते, आणि त्या अडीच वर्षांत हा पाच वेळा गेला होता. प्रत्येक वेळी एखादं चित्रीकरण आड यायचं. फळांची पिशवी घेऊन जायचा, पायथ्याच्या खुर्चीत अर्धा तास बसायचा आणि निघायचा. बाबांचं सगळं वहिनीने केलं होतं.

वहिनी त्यावरून कधी एका शब्दानेही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे. कधी फोन झालाच तर हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. बाबांच्या दुखण्याबद्दल त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

साडेबारापर्यंत त्याने फोन चार वेळा हातात घेतला. एकदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. मग पडद्याच्या कड्या मोजत बसला. एक वाजता रंगाऱ्यानेच विचारलं, "कुणाला लावायचाय? मी लावून देऊ?"

वहिनीने पहिल्याच घंटेला उचलला. "भाऊजी? सगळं ठीक ना? या वेळेला कधी तुमचा फोन नसतो."

"ठीक आहे. वहिनी, एक काम होतं. एक खोली बघायची होती तुम्ही."

"घर घेताय?"

"नाही, नाही. सेट आहे. चित्रपटाचा. आजाऱ्याची खोली."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"येते," ती म्हणाली. "तुमचे दादा जेवून आडवे झालेत. ते उठायच्या आत निघते, नाहीतर त्यांनाही यायचं असेल आणि तिथे नटीची सही मागत बसतील."

अडीच वाजता ती आली. हातात पिशवी, चपला दाराबाहेर काढलेल्या. खोट्या खोलीच्या दाराबाहेर काढलेल्या त्या चपला बघून रंगाऱ्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. वहिनी उंबऱ्यातच थांबली. तिने खोली ओळखली हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"पडदा तर अगदी तोच," ती म्हणाली.

"बाकीचं?"

"बाकीचंही तेच आहे." ती थोडं थांबली. "दारातून बघितलं तर."

त्याला कानशिलं तापल्यासारखी वाटली. पण ती टोमणा मारत नव्हती. ती आत शिरली होती आणि पाहुण्यांकडे गेलेली बाई नजरेनेच घर आवरते, तशी खोली आवरायला लागली होती.

"एवढ्या बाटल्या कशाला मांडल्यात? दुकान आहे का? औषधं डोळ्यांसमोर ठेवली की मामंजी मोजायचे आणि घाबरायचे. मी बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवायची." ती पलंगाजवळ गेली. "आणि पलंग भिंतीला लावलाय, मग कूस कशी बदलायची? एका बाजूने ओढून माणूस वळत नाही, नुसता दुखतो."

"पण मी बघितला तेव्हा भिंतीलाच होता."

"पहिले दोन महिने. मग माझी कंबर धरली, तेव्हा तुमच्या दादांनी पुढे ओढला. तुम्ही यायचात त्या दिवशी मामंजीच म्हणायचे, परत भिंतीला लावा, खोली मोकळी दिसू दे. त्याला वाटायला नको फार आजारी आहे म्हणून."

त्याने एकदम पलंगाला हात घातला. "चल रे, धर तिकडून," तो रंगाऱ्याला म्हणाला, आणि दोघांनी मिळून पलंग भिंतीपासून अडीच फूट पुढे घेतला.

"पाय जिथे होते तिथे फरशीवर गोल डाग राहिलेले," वहिनी म्हणाली. "गंजाचे. कितीही घासले तरी निघाले नाहीत."

रंगारी ब्रश घेऊन आधीच खाली बसला होता.

त्यानंतरच्या दोन तासांत कलादिग्दर्शक वहिनी सांगेल तसा धावतच होता. जुन्या चादरीच्या पट्टीची वेणी घालून पलंगाच्या पायथ्याला बांधली, बाबा तिला धरून उठून बसत असत. टेबलाची एक कड चमच्याने टोचून टोचून खराब केली, कारण हाक मारायला आवाज फुटत नव्हता तेव्हा बाबा चमचा आपटायचे. "आणखी टोचा," वहिनी म्हणाली. "त्यांना धीर कुठे होता." मग ती हसली आणि हसताना तिने डोळे पुसले, ते इतक्या सहज की पुसले की नाही अशी शंका यावी.

"आणि तुम्ही कुठे बसायचात?" त्याने विचारलं.

वहिनीने खुर्चीकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातलं बुटकं स्टूल उचललं, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या अडीच फुटांत ठेवलं आणि त्यावर बसली. पाठ भिंतीला लागली. डोकं मागे टेकलं. "इथे. दुपारी असा डोळा लागायचा. भिंतीवर माझ्या डोक्याचा डाग पडला होता, तेलाचा, हा एवढा. नंतर घराला रंग काढला तेव्हा यांच्यासारखाच एक रंगारी होता, तो म्हणाला, बाई, हा डाग कशाचा, रंग धरत नाही. म्हटलं, माझा आहे, दोन हात जास्त द्या."

रंगाऱ्याने कलादिग्दर्शकाकडे बघितलं. या खेपेला त्याला 'कुणाचा' विचारावं लागलं नाही. पण तो जागचा हलला नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ही भिंत उद्या निघणार आहे."

खरंच. कलादिग्दर्शक ते विसरूनच गेला होता. चार भिंतींपैकी ही एक सुटी केलेली होती, खाली चाकं लावून. कॅमेरा पलंगाजवळ यावा म्हणून पहिल्या दिवसापासून तसं ठरलेलं. भिंत ढकलून बाजूला न्यायची आणि तिथे कॅमेरा बसवायचा.

"का काढणार?" वहिनीने विचारलं. त्याने समजावून सांगितलं.

"म्हणजे माझ्या जागेवर कॅमेरा बसणार," ती म्हणाली. "बसू दे. त्याला म्हणावं, पाठ फार दुखेल."

"डाग लाव," तो रंगाऱ्याला म्हणाला.

"दिसणार नाही, साहेब."

"लाव म्हटलं ना!"

त्याचा आवाज चढला होता. सुतार, मदतनीस, सगळे बघायला लागले. रंगाऱ्याने मुकाट्याने तळहातावर तेल घेतलं.

पाच वाजता दिग्दर्शिका आली. खोलीत शिरून ती आधी पलंगाच्या पायथ्याशी गेली. वेणी ओढून बघितली. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. फरशीवरचे चार गोल डाग बघून ती पलंगाला वळसा घालून मागे गेली आणि भिंतीपाशी थांबली.

"हे कुणाचं डोकं?"

कलादिग्दर्शक दाराशी उभा होता. वहिनी बाहेर, केबलच्या गुंडाळीवर रुमाल टाकून बसलेली. 'मुलीचं', असं तो सहज म्हणू शकला असता. वहीत तसंच लिहिलं जाणार होतं.

"माझ्या वहिनीचं," तो म्हणाला. "वडिलांचं त्यांनी केलं. मी नव्हतो. मी येऊन बघून जायचो." आणि मग, एवढं बोललोच आहोत तर, म्हणून त्याने रेटलं. "ही भिंत काढू नका. कॅमेरा दारातून लावा. एक दिवस तरी."

दिग्दर्शिकेने दाराकडे बघितलं. मग स्टुलावर बसली आणि पलंगाकडे बघितलं. उशी तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती.

"नाही काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात दिलगिरी होती, पण धरसोड नव्हती. "सेट हाच राहील. ते दुसरं घर मी आताच नको म्हणून कळवते. पण भिंत निघेल. दारातून तर येणारा-जाणारा कुणीही बघेल. मला कॅमेरा इथेच हवा. त्या बसायच्या तिथेच, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर." ती उठली. "तेवढी उंची मोजून द्या मला. मी बाहेर कॅमेरामनशी बोलून घेते."

सेट वाचला होता. सुताराने मागून शिट्टी मारली, कुणीतरी चहा सांगितला. कलादिग्दर्शक भिंतीसमोर उभा राहिला. तेल अजून ओलं होतं. हा डाग चित्रपटात कुठेही दिसणार नव्हता. उद्या सकाळी दोन माणसं तो ढकलत बाजूला नेणार होती.

त्याने वहिनीला आत बोलावलं. सुताराकडून टेप मागून घेतली.

"नेहमी बसायचात तशा बसा."

"अहो, डोकं टेकू का? ओला आहे तो डाग."

"नका टेकू. नुसत्या बसा."

ती बसली. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, टेपचं टोक फरशीवर ठेवलं, पण ते सारखं निसटत होतं. वहिनीने पाय पुढे करून अंगठ्याने ते दाबून धरलं. त्याने पट्टी वर ओढत तिच्या डोळ्यांपर्यंत नेली. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. तिची नजर मात्र त्याच्यावर नव्हती, त्याच्या खांद्यावरून उशीवर होती.

"इथून त्यांचं तोंड नीट दिसायचं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तुमचं नाव घ्यायचे."

त्याचा हात थांबला. "काय म्हणायचे?"

"नाव घ्यायचे. पुढे काही नाही. मी विचारायची, बोलावून घेऊ का? तर मान हलवायचे, नको म्हणून. आणि थोड्या वेळाने परत नाव."

"मला कळवलं का नाहीत?"

"ते नको म्हणत होते, भाऊजी." मग जरा वेळाने, "आणि मला तुमचा राग आला होता. कळवलं असतं तर तुम्ही आला असतात. मग मला रागावता आलं नसतं."

तो तसाच गुडघ्यांवर राहिला. आता कुठे काय लावायचं, कशावर कसला हात मारायचा, काही सुचेना.

"काका, किती?" बाहेरून दिग्दर्शिकेने विचारलं.

"तीन फूट..." तो म्हणाला आणि अडला. इंच त्याने वाचले होते, पण ते डोक्यातून गेले होते.

"पुन्हा मोजा," वहिनी म्हणाली, आणि अंगठा तसाच दाबून बसून राहिली.