सहा जणांचा एक कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. मालक कोण म्हणाल, तर मला सहा मालक आहेत. सहाही जण परदेशातल्या एका हॉटेलात राबायचे आणि एकाच खोलीत झोपायचे. मी त्या खोलीच्या दाराआड खिळ्याला लटकलेला असतो.

मला शिवलं एका जाडजूड माणसासाठी. त्याचं पोट आणखी सुटलं आणि मी जुन्या कपड्यांच्या दुकानात आलो. तिथून या सहा जणांनी वर्गणी काढून मला घेतलं. जो घरी जाईल त्याने मला घालून जायचं, असं ठरलं. घरच्यांपुढे अब्रू राहिली पाहिजे ना!

पण घरी जायला मिळतं कधी? लग्नाला सुट्टी नाही. पोर झालं तरी नाही. घरातलं कोणी मेलं तरच हॉटेलचा मालक सोडतो, तेही कुरकुरत. म्हणून मी पाहिलेलं प्रत्येक घर रडतं होतं. एखादी आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची आणि डोळे पुसता पुसता माझं कापड चाचपून बघायची. खोटं कशाला बोलू, मला ते कौतुक फार आवडायचं.

मग बारक्याची आई गेली. बारक्या आमच्यातला सगळ्यात लहान चणीचा. हॉटेलात भांडी घासायचा, पण घरी मॅनेजर आहे म्हणून सांगितलेलं. आत दोन स्वेटर चढवले तेव्हा कुठे मी त्याच्या अंगावर थांबलो. बाह्या बोटांवर आल्या. बरंच झालं, साबणाच्या पाण्याने चिरलेली बोटं झाकली गेली. विमानात तो माझ्या बाहीत तोंड खुपसून रडला. वडील आता एकटे पडणार होते. त्याला परत जायचंच नव्हतं. पण मॅनेजरकी सोडून का आलास, असं लोक खोदून विचारणार. खरं सांगितलं तर वडिलांची मान खाली जाणार.

घरी मामा बहिणीसाठी रडले आणि लगेच म्हणाले, माझ्या पोरालाही तिकडे चिकटव कुठेतरी. शेजारी पगार विचारू लागले. बारक्या माझ्या आत घामाने निथळत होता आणि नुसती मान हलवत होता. पोरा, जेवलास का, हे एकानेही विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा माझीच चीड आली.

माणसं पांगली. मोरीत ताटवाट्यांचा ढीग पडला होता. बारक्याने मला दाराच्या कडीला अडकवलं, स्वेटर काढले आणि भांड्यांपुढे बसला. हात आपोआप चालू लागले. खरकटं एका झटक्यात बाजूला, ताटं एका अंगाला, वाट्या एकात एक. बघता बघता ढीग उतरला. वडील मागे येऊन उभे राहिलेत, हे त्याला कळलंच नाही.

"मॅनेजरचा हात बराच बसलाय की," वडील म्हणाले.

बारक्याच्या हातातली वाटी तिथेच थांबली.

"तुझा फोन आला की मागे भांडी वाजायची. तुझी आई म्हणायची, पोराचं हॉटेल दणक्यात चाललंय हो. आणि फोन ठेवून गप्प बसून राहायची."

"तिला ठाऊक होतं?"

"आई होती ती तुझी. आणि हा कोट कुणाचा रे? यात तुझ्यासारखे दोघे मावतील."

"सहा जणांचा आहे, बाबा."

वडील हसले, आणि हसता हसताच रडू लागले. मग खाली बसून त्यांनी घासलेली भांडी पुसायला घेतली.

"बाबा, मी परत नाही जात."

"मला तेच म्हणायचं होतं. धीर होत नव्हता. मॅनेजरला राहा म्हणायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी बारक्याने शर्टाच्या बाह्या दुमडून मामांना खरं सांगितलं. मामांचं तोंड एवढंसं झालं. वडिलांची मान मात्र ताठ होती. मला त्यांनी तिकडेच नोकरीला असलेल्या ओळखीच्या एका नर्सबाईंबरोबर परत पाठवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी सांगणार नाही. मला कसर लागली तर लागू दे. तुमच्याकडे कोणी दुरून आलं तर त्याचा कोट चाचपू नका. तो उतरवायला सांगा आणि आधी पोटभर जेवू घाला. इथे अजून पाच जण आहेत. त्यांतला एक तरी, घरातली सगळी माणसं जिवंत असताना, साध्या शर्टात घरी जाऊ दे. मी खिळ्यावर सुखाने कुजेन.