पहिल्या पानावरचा खुनी

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे, मित्रांनो. माझ्या पोटात एक दीपगृह आहे. भोवती खवळलेला दर्या, आत चार माणसे, आणि रोज सकाळी त्यातले एक कमी.

डिलाईल रोडच्या वाचनालयात मी नवी आले, तेव्हा माझ्यासाठी नंबर लागत. पाळी सुटली की गिरणीतली माणसे अंगावरचा कापूस झटकून मला उचलत. आणि एक दिवस कोणीतरी माझ्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिले : ‘खुनी आचारी आहे. आता वाचा सुखाने!’

काळजात धस्स झाले माझ्या! त्यानंतर जो तो मला उघडी, चरफडे आणि परत ठेवी. किती वर्षे धूळ पांघरली मी.

काही महिन्यांपूर्वी मेघनाने मला घरी नेले. तिचे सासरे गुणाजी, जुने गिरणी कामगार, हल्ली सगळे विसरू लागलेत. विसरलो हे कळले की लहान मुलासारखे रडतात. तरुणपणी त्यांना रहस्यकथांचे वेड होते, म्हणून ती दुपारी वाचून दाखवणार होती.

त्यांनी चष्मा लावून पहिले पान पाहिले आणि कडाडले, "कोण मेलो हा? सगळी मजा घालवल्यान! हात मोडूक व्हये तेचे!"

"हळू हो बाबा! शेजारी म्हणतील, सून सासऱ्याला मारतेय."

हसता हसता मेघना थबकली. ‘आचारी’मधल्या ‘च’ला लांब, वळलेली शेपटी होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर गुणाजींनीच चिठ्ठ्या लिहून चिकटवल्यात : चहा, चणाडाळ. तीच शेपटी!

मी हादरले. इतकी वर्षे ज्याला शिव्याशाप दिले, त्याच्याच मांडीवर मी होते.

आता ही त्यांना सांगते की काय?

"असेल कोणी टवाळ," मेघना म्हणाली आणि तिने खोडरबर फिरवला. चहा होईपर्यंत ते सारे विसरले.

चार दुपारी वाचन चालले. गोष्टीत लाट आली की ते पाय खाटेवर ओढून घेत. शेवटच्या पानाला त्यांचा आ वासलेलाच राहिला. "आचारी? ज्यान सगळ्यांका जेवूक घातल्यान, तोच?"

मग डोळे मिचकावत म्हणाले, "मेघना, पेन्सिल दी बघू."

आणि लिहिले. तीच ओळ, तीच शेपटी! माझे पान न् पान शहारले. मेघनाचे डोळे भरले, पण तिने त्यांचा हात अडवला नाही. त्यांचा डोळा लागल्यावर हलकेच खोडले. आता दर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मित्रांनो, पुस्तकांवर लिहू नका. आणि मी कधी तुमच्या हाती आले, तर माझे पहिले पान जपून उलटा. खोडून खोडून ते फार पातळ झाले आहे. ते फाटले, तर गुणाजींनी लिहायचे कुठे?