दोन स्टेशनांच्या मधली जागा

निकिताने दोन कॉइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा रामरावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"दोन्ही चिंचोक्यावानीच दिसून राह्यल्या वो."

"एक जराशी मोठी हाये, बाबा. दुपारपर्यंत यातली एक ठरवा लागते मले."

ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डमागे बसणारा, बॅटरीच्या बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा एक बोर्ड तिने पुण्याच्या कंपनीत आखला होता. तिची ही पहिलीच स्वतंत्र जबाबदारी. लहान कॉइल बोर्डावर चपखल बसत होती. पण तिचे कवच अर्धवट होते आणि चुंबकीय क्षेत्र थोडे बाहेर झिरपून जवळच्या रेडिओत मिसळू शकत होते. तेवढ्याच आकाराची पूर्ण कवचाची कॉइल तिने पाहिली होती. ती मात्र जास्त प्रवाह सोसत नव्हती. पूर्ण कवच आणि प्रवाह दोन्ही हवे, तर ही मोठी घ्यायची, म्हणजे बोर्ड नव्याने आखायचा. महिनाभर उशीर झाला, तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाईल, असे तिच्या वरिष्ठ कृतिका मॅडमनी स्पष्ट सांगितले होते.

लहान कॉइल प्रयोगशाळेत पास झाली होती. फक्त आलेखावर, रेडिओच्या पट्ट्यात, एक रेघ मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन थांबली होती. ती रेघ कानाला कशी लागते, हे निकिताला ऐकायचे होते. म्हणून सुटीवर मंगरूळपीरला येताना तिने चाचणीचे दोन बोर्ड सोबत आणले होते; एकावर लहान कॉइल होती, दुसऱ्यावर मोठी तात्पुरती जोडलेली.

हे ऐकणे तिला वडिलांच्या याच दुकानाने शिकवले होते. मानोरा रस्त्यावरचे हे डायनॅमो-सेल्फ दुरुस्तीचे दुकान तिच्या लहानपणी जीपगाड्यांनी भरलेले असे. गाडी तयार झाली की रामराव तिला पुढच्या सीटवर बसवत आणि म्हणत, "लाव रिकामी जागा." ती रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे नेई. तिथे नुसती खरखर असे. मग रामराव दिवे, वायपर, हॉर्न एकेक चालू करत आणि खरखरीत दुसरा कुठला आवाज मिसळतो का, ते डोळे मिटून ऐकत. मिसळला, तर गाडी पुन्हा उघडली जाई. तांड्यावरचा जीपवाला उदयसिंग वैतागून म्हणे, "रामराव, मले सवाऱ्या न्याच्या हायेत. भजन नाई आयकाचं!" रामराव जागचे हलत नसत. नागपूर केंद्रावरचे बाजारभाव स्वच्छ ऐकू येईपर्यंत त्याला तिथेच बसावे लागे. सीटच्या रेक्झिनचा तो तापलेला वास निकिताला अजून आठवे.

आज दुकानात रामरावांची स्वतःची जीप तेवढी उभी होती. निकिताने लहान कॉइलचा बोर्ड तिच्या बॅटरीला जोडला, रेडिओजवळ ठेवला आणि काटा रिकाम्या जागेवर आणला. रामरावांनी डोळे मिटले.

"काईच नाई," ते प्रसन्न होऊन म्हणाले. "एकदम चूप. हेच दे पाठवून."

खरखरीच्या तळाशी डासासारखी बारीक शिट्टी वाजत होती.

निकिता त्यांच्याकडे पाहत राहिली. नुसती मान हलवली असती, तर काम तिच्याच हाती राहिले असते आणि वडिलांचा चेहराही असाच राहिला असता.

"येते, बाबा. बारीक शिट्टी येते."

रामरावांनी आवाज वाढवला. आधी एक कान लावला, मग दुसरा. बराच वेळ ते तसेच वाकून होते.

"दुसरा लाव," शेवटी ते म्हणाले.

तिने मोठ्या कॉइलचा बोर्ड जोडला. शिट्टी गेली, उरली ती निव्वळ खरखर.

"आता?" त्यांनी विचारले.

"आता नाई."

त्यांनी स्वतः कान लावून पाहिले नाही. रेडिओ बंद करून ते स्टुलावर बसले. "कवापासून आयकू येत नसन मले?" त्यांनी जमिनीकडे पाहत विचारले. "दिवाळीत गाडी नीट करून देल्ली तं बबलू म्हने, काका, रेडिओ रडते. म्या म्हनलं, बेट्या, तुह्या कानातच बिघाड हाये. सारे हासले त्याले."

निकिताने लहान कॉइलचा बोर्ड पिशवीत टाकला. तिने पुण्याला फोन लावला.

"लहान कॉइल पास आहे ना?" कृतिका मॅडमनी विचारले.

"पास आहे, मॅडम. पण नांगरणारा माणूस दिवसभर त्या रेडिओशेजारी बसणार. मला ती शिट्टी ऐकू आली. मोठीच घ्यावी लागेल."

"महिना जाईल, निकिता. पुढचं काम मी तुझ्यासाठी थांबवू शकणार नाही."

"माहीत आहे. मोठी का घेतली, ते मी लेखी पाठवते."

"पाठव," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवून तिने मागे वळून पाहिले. रामरावांनीही आपला फोन काढला होता. तो कानापासून जरा दूर धरून ते मोठ्याने बोलत होते.

"बबलू, गाडी घेऊन ये एक डाव. आजच ये... नाई रे, तुह्या कानात काई नोतं. माह्याच होतं... नाई, म्या नाई आयकत. निकिता आयकते."