अर्ध्या जीबीतली ताई

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. स्मृती अमर असते, असं थोर लोक सांगतात. माझी पाचशे बारा एमबी असते.

पाठीवर मात्र ‘८ जीबी’ छापलं आहे. मी जन्मलो त्या कारखान्यात रंग स्वस्त होता आणि चिप महाग. मित्रांनो, गणित सोपं आहे. एक हजार चोवीस बाईट म्हणजे एक केबी, तितक्या केबींचा एक एमबी, तितक्या एमबींचा एक जीबी. बोलण्याचं एक मिनिट साधारण एक एमबी खातं. म्हणजे माझ्यात जेमतेम साडेआठ तासांचं बोलणं मावतं. त्यापुढेही कुणी भरत राहिलं, तर मी नाही म्हणत नाही. मला तसं शिकवलेलंच नाही. नवं घेतो आणि मुकाट्याने जुन्यावर लिहितो. फाइलींची नावं तेवढी शाबूत ठेवतो. दारावरच्या पाट्या त्याच, आत राहणारे दुसरे.

ताईने धाकट्या बहिणीच्या लेकीसाठी आठ तासांच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भावजींनी, त्या माझ्यात भरल्या, नावं मोजली आणि रेकॉर्डर पुसून टाकला. मग डॉक्टरांनी भावजींचं घोरणं ऐकायला मागितलं. ताईने रोज दुपारी तासभर, असे नऊ दिवस तेही टिपलं. भावजींनी ते माझ्यातच टाकलं. पडद्यावर सात जीबी जागा मोकळी दिसत होती. आत घोरणं एकेक गोष्ट गिळत होतं. पुसल्या जाणाऱ्या गोष्टी ओरडत नाहीत, मित्रांनो.

पुढे ताई गेली.

महिन्याभराने धाकटी आली. तिने मला लावलं आणि ‘गोष्ट पहिली’ उघडली. आतून श्वास आला. जड, ओला, थांबून थांबून. ‘गोष्ट चौथी’तही तोच. भावजी समोर टक्क जागे बसले होते आणि त्यांची झोप खोलीभर फिरत होती.

“भावजी, ताई कुठंय?”

“अगं, आठ जीबी लिहिलंय ना त्याच्यावर!”

“उद्या तुमच्या कपाळावर ‘शहाणा’ लिहिलं, तर तेही मानू का मी?”

धाकटी हट्टाने दोन दिवस घोरण्याच्या फाइली ऐकत बसली. सहाव्या फाइलीत श्वास मध्येच अडकला, आणि त्या शांततेत कुणीतरी अगदी कानाशी बोललं, “अहो, कुशीवर वळा. शेजारी विचारतायत, गिरणी टाकली का म्हणून.”

भावजी खुर्चीतल्या खुर्चीत कुशीवर वळले.

मित्रांनो, पाठीवरच्या आकड्यावर विसंबू नका. ठेवलेलं उघडून ऐका, आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि मगच मूळ पुसा.

धाकटीने तेवढं बोलणं कापून दोघांच्या फोनवर घेतलं. पाच सेकंदांचं आहे. ऐंशी केबी भरलं.