पेटीची किल्ली

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुकदेवने हिलालच्या दारावर थाप मारली. सलग तिसरा रविवार.

हिलाल फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या फाटकावरचं त्याचं पहाऱ्याचं काम महिन्यापूर्वी सुटलं होतं. उद्यापासून इच्छापोरच्या कारखान्यावर जायचं होतं, स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन. बंदूक नाही तर नोकरी नाही. सुकदेव त्याच्याच पलटणीतला नाईक. शहाण्णव साली सुरतेतल्या दोन माजी सैनिकांनी जीव दिला, तेव्हापासून माजी सैनिकांच्या संघटनेने ही फेरी सुरू केली होती. एकाने दुसऱ्याच्या दारी जायचं, विचारपूस करायची, वहीत लिहायचं.

"झोप?" सुकदेवने वही उघडली.

"सब ठीक."

"जेवण?"

"सब ठीक."

"पहाऱ्यावर डुलकी लागली की मीही साहेबाला हेच सांगायचो, हवालदार."

हिलाल हसला नाही. सुकदेवच्या जावयाला नुकताच बंदुकीचा परवाना मिळाला होता, आणि इच्छापोरला जागा एकच होती.

"सरळ बोल. माझी बंदूक घरात नको, असंच ना?"

"महिनाभर पोलीस ठाण्यात ठेवू. पावती तुमच्या नावाची."

"आणि फाटकावर तुझा जावई."

सुकदेवने चहाचा कप खाली ठेवला. "अर्ज केलाय त्याने. मला विचारून नाही."

"ठाण्यात नेणार काय? बंदुकीच्या पेटीची किल्लीच हरवलीय."

"किल्ली मन्हाजोडे शे," स्टोव्हपाशी बसलेली मालतीबाई म्हणाली. "तीन हप्ता व्हयनात."

तीन आठवडे. हिलालने बायकोकडे पाहिलं, मग सुकदेवकडे. "म्हणजे याला तूच बोलावलंस."

"काम नही, तरी रोज पेटी उघडीसन कसाले बसेत तुम्ही?"

काम सुटल्यावर रोज पेटी उघडून का बसायचा, हे सांगायचं सोडून हिलाल कप उचलू लागला. सुकदेवने वहीत काही लिहिलं नाही. निघताना त्याने शेवटचं पान दाखवलं. तिथे सुकदेवचं नाव होतं आणि पुढे, भेट घेणार म्हणून, हिलालचं.

"आज संध्याकाळी पाच वाजता बमरोलीला, माझ्या घरी या. माझ्या दारी तीन आठवड्यांत कोणी आलेलं नाही."

हाही डावच, हिलालला वाटलं. घरातून काढायचं आणि मागे बंदूक हलवायची. मालतीबाईच्या पदराला आता किल्ली उघड बांधलेली होती. ती त्याने दिवसभरात चारदा पाहिली, मागितली मात्र नाही.

तरी पाचला तो बमरोलीला सुकदेवच्या घरी पोचला. जावई तिथे बसलेला सापडेल, मग दोघांना तोंडावर विचारू, एवढंच मनात होतं. पण दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता, सुकदेवचा. दार आतून बंद.

त्याने थाप मारली. थांबून पुन्हा मारली. तिसऱ्यांदा नाव घेऊन मारली, तशी शेजारची बाई बाहेर आली. दुपारपासून दार उघडलेलं नाही, म्हणाली. सकाळचं बोलावणं डाव नव्हता, हे हिलालला आता कळलं.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आतून अजून कोणी ओ दिली नव्हती.