एकाच धावेच्या दोन वेळा

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझा काटा सेकंदाचे पाच भाग दाखवतो. मला चालवणारा मात्र माणसाचा अंगठा असतो, आणि माझे सारे दुःख त्यातच आहे.

मित्रांनो, १९११ साली मी देवासला आलो. तिथल्या शाळेत कवायत शिकवणारे मोरोपंत माझे धनी झाले. शर्यत असली की ते शेवटच्या रेषेवर ताणलेल्या दोऱ्यापाशी उभे राहत. तिथून शंभर यार्डांवर, सुरुवातीच्या रेषेपाशी, बंदूक उडे; तिचा बार ऐकताच ते माझी कळ दाबत.

गणोजी हा दरबारचा हलकारा, गावोगावी पायी कागद पोहोचवणारा. त्या थंडीत त्याने शंभर यार्ड दहा सेकंद आणि दोन पंचमांशात पार केले. मोरोपंतांनी काटा वाचला, मला पुन्हा चालवून कानाशी धरले, मी नीट चालतो आहे ना याची खात्री केली आणि मगच आकडा लिहिला. पुढे वर्षभर लोक त्या आकड्यासाठी मला हातात घेऊन बघत.

दुसऱ्या वर्षी मुंबईच्या शर्यतीसाठी धार आणि देवास या संस्थानांनी मिळून एकच माणूस पाठवायचे ठरले. धारच्या धावपटूची वेळ कागदावर आली होती, दहा सेकंद आणि तीन पंचमांश. निवड करणारे जयसिंगराव नवे विजेचे यंत्र घेऊन आले. बंदुकीच्या चापाला तार जोडलेली होती. चाप ओढला की काटा सुटे, दोरा तुटला की थांबे.

गणोजी धावला. यंत्राने दाखवले दहा सेकंद, चार पंचमांश. सवयीने मोरोपंतांनी मलाही दाबले होते. मी दाखवत होतो दहा सेकंद, दोन पंचमांश.

"यंत्राला कुणी सगा नसतो, पंत," जयसिंगराव म्हणाले.

मोरोपंतांचा चेहरा उतरला. "माझाच अंगठा चुकत असेल," ते म्हणाले आणि त्यांनी मला खिशात टाकले. जयसिंगरावांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला. निवड धारच्या माणसाची झाली.

संध्याकाळी गणोजी आला. तो सव्वीस वर्षांचा होता. असे पाय आणखी फार वर्षे टिकणार नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

"पंत, खरं सांगा. माझ्यासाठी वेळ कमी लिहिली होती का?"

"नाही रे. जी दिसली तीच लिहिली."

गणोजीने मान हलवली, पण त्याचा विश्वास बसलेला नव्हता. गावातही तीच कुजबुज सुरू झाली.

आठवड्याने मोरोपंत तलावाकाठी बसले होते. पलीकडे एक पाथरवट दगड फोडत होता. हातोडा खाली पडलेला दिसे, आवाज मागून येई. मोरोपंत ताडकन उठले आणि थेट जयसिंगरावांकडे गेले.

"बार माझ्या कानापर्यंत यायलाच वेळ लागतो, मग अंगठा हलतो. तोवर गणोजी दोन पावलं पुढे गेलेला असतो. धारचा पंचही असंच कानानं ऐकून घड्याळ दाबतो, मी पाहिलं आहे. चूक दोघांचीही होती, मग ती एकट्या गणोजीच्या नावावर का? त्या माणसाची वेळही यंत्रावर घ्या."

जयसिंगराव म्हणाले, "पंत, तो परवाच मुंबईला निघाला. यादीही गेली."

मोरोपंतांनी हे सारे गणोजीला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी त्याच्यापेक्षा जलद आहे?"

"बहुतेक असशील. पण आता सांगता यायचं नाही."

त्यानंतर गणोजी शर्यतीत कधी उतरला नाही. मोरोपंतांनी मला फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. पुन्हा कधी किल्ली दिली नाही, आणि माझी स्प्रिंग गंजत गेली.

मित्रांनो, नवे यंत्र खुशाल आणा. ते माझ्याहून अचूक आहे, हे मी कबूल करतो. पण दोन माणसांची तुलना करायची असेल, तर दोघांना एकाच मापाने मोजा. माझी चूक अर्ध्या सेकंदाचीही नव्हती. ती तपासून बघायला मात्र कुणी एक दिवस थांबले नाही.