शिलाई मशीनचा ठेका

बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह निघायचा होता आणि बँडमध्ये मागाहून आलेला गिटारवाला सर्वांत जुन्या गाण्यावर अडून बसला.

"ताई, हे नव्यानं वाजवू. मध्येच ठेका ढेपाळतो. पुढची गाणी कशी घोटीव, हे नुसतं रांगतंय!"

ड्रम वाजवणारी ताई हसली. ते गाणं कॅसेटवर भरलं तेव्हा बँड तिच्या आईच्या शिवणाच्या खोलीत वाजायचा आणि ती ठेका धरायची आईच्या मशीनच्या चालीवर.

"रांगल्याशिवाय कुणी धावलंय का? आईचा दोरा तुटला होता तिथे. गाणं आहे तसंच जाईल, तेही पहिलं."

"लोक हसले तर?"

"हसू देत. दुसऱ्या गाण्याला गप्प होतील."

तिनं गाणं लावलं. तो जिला कॅसेटची खरखर समजत होता ती घरघर थांबली, आणि त्याचा ताल धरलेला पायही तिथेच थबकला.